मॅडमनं दुसऱ्याची जागा बळकावली

“मॅडमनं दुसऱ्याची जागा बळकावली.”

आठवीच्या वर्गात, भर तासाला, माझ्या तोंडासमोर उभं राहून एका पोट्ट्यानं हे वाक्य म्हटलं. मॅडम म्हणजे मी. आणि मी काय केलं? “बरोबर,” म्हटलं. “ये, लिही फळ्यावर.”

हो. असंच म्हटलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

नीट सांगते. मी मराठी शिकवते. हिंगणघाटहून बसनं जाणं-येणं करते. जात गोंड. आमचं गाव गिरडच्या पल्याड, जंगलाला लागून. बाप जंगलात रोजानं जातो, माय कापूस वेचते. घरात गोंडी, गावात वऱ्हाडी, आणि पुस्तकातलं मराठी मी शाळेत छड्या खात शिकले. तेच आता शिकवते.

त्या दिवशी शब्दांचा वाक्यात उपयोग चालला होता. माझ्या वर्गाची एक रीत आहे, मीच पाडलेली. ज्याचं वाक्य बरोबर, त्यानं ते फळ्यावर लिहायचं आणि साऱ्या वर्गानं मोठ्यानं म्हणायचं. एरवी तोंड न उघडणारी पोरंही तेव्हा ओरडतात. शब्द होता ‘बळकावणे’. मी सांगितलं, राजे नि किल्ले नकोत, रोजच्यातलं सांगा. मग काय, सुटलीच पोट्टी. भावानं मोबाइल बळकावला. कुत्र्यानं आजीची बाज बळकावली. शेजाऱ्यानं बांधाचा धुरा कोरून आमचं वावर बळकावलं. एकानं बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा बळकावली, त्यावर मीही हसले. तेवढ्यात तो उठला.

मोठ्या शेतीवाल्या घरचा पोरगा. हुशार. शाळेत गणित शिकवणारे सगळ्यांत जुने शिक्षक, त्यांना सारे मोठे सर म्हणतात, त्यांच्याकडे शिकवणीला जातो. त्यानं वाक्य म्हटलं आणि पुढच्या बाकांवर फसकन हसू फुटलं. पोरांचं हसू नव्हतं ते. कुठं तरी ऐकलेलं, मोठ्यांकडून उचललेलं होतं.

कुठं ते मला लगेच कळलं. मी येण्याआधी मोठ्या सरांचा पुतण्या इथं तासिकेवर मराठी शिकवायचा. जागा आदिवासी उमेदवारासाठी राखीव, आणि कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती. मी परीक्षा देऊन आले, पुतण्या घरी बसला. तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी भांडलं नाही. फक्त मी आत गेले की बोलणं थांबायचं. चहा यायचा, त्यात माझा कप नसायचा. मग कोणी तरी म्हणायचं, अरे, मॅडमचा राहिलाच. रोज राहायचा.

इतकं सगळं ठाऊक असून मी ‘बरोबर’ म्हटलं. शब्द जिथं पाहिजे तिथं होता, चूक काय काढणार? आणि भीती वाटली. रागावले तर म्हणतील, खरं बोललं म्हणून झोंबलं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं. मग रीत माझीच, अख्खा वर्ग ते वाक्य म्हणाला. मागच्या बाकावर रोशनी बसते. आमच्यातलीच, गोंडाची पोर. तिनंही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. तिला वाटलं, मॅडमचा अभ्यास आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घंटा झाली तशी मी फळा न पुसता पळाले. पुढचा तास मोठ्या सरांचा होता. पोरांकडून मागून कळलं, त्यांनी बाकीचा फळा पुसला, ते वाक्य तेवढं ठेवलं. त्याच्या भोवती चौकट आखली आणि उरलेल्या जागेत गणित शिकवलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला म्हणाले, “वाक्य वाचलं मॅडम. तुम्ही मराठीच्या. काही चूक असन तं सांगा.”

“नाही सर,” मी म्हटलं.

शेण खाल्लं मी, पुन्हा एकदा. आणि तिथंही थांबले नाही. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांकडे गेले. तक्रार करायला नाही, बाप्पा. आठवी माझ्याकडून काढून घ्या म्हणून सांगायला. पाचवी द्या, सहावी द्या, कोणतीही चालेल म्हटलं. मोठे सर तिथंच बसले होते. ते लगेच म्हणाले, आठवीचं मराठी मी घेतो, जमलं नाही तर पुतण्याला मदतीला बोलावू. आधीच ठरवून ठेवल्यासारखे बोलले. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी त्यांना थँक्यू म्हटलं.

फाट्यावर बसची वाट बघत उभी होते. रोशनी सोबत होती, तिची वस्ती तिकडंच आहे. ती चपलेनं माती उकरत होती. मग एकदम म्हणाली, “मॅडम, थे जागा कोनाची होती?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढी शिकलेली बाई मी, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरात पाहुणी आल्यासारखी अंग चोरून वावरत होते.

“माही होती,” मी म्हटलं. “आपली होती.”

“मंग तुमी फळ्यावर काऊन लिवू देल्लं?”

बस आली, मी चढले. खिडकीला डोकं टेकवून रडले. त्या पोट्ट्यानं म्हटल्याची लाज मागं पडली होती. एका गोंडाच्या पोरीनं मला चोर म्हटलं होतं, आणि ते म्हणायला मीच लावलं होतं. वर आठवी आपल्या हातानं देऊन आले होते. सरांना हिसकावावंसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्याबरोबर मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. आठवी देत नाही, म्हटलं. ते म्हणाले, लहान पोरगं काही बोललं, इतकं मनावर काय घ्यायचं.

“पोरगं बोललं सर,” मी म्हटलं. “त्याले शिकवलं कोनं, थे मी अजून विचारून नाई राह्यली.”

रागात घरची बोली बाहेर पडली. साहेबांसमोर मी कधी अशी बोलले नव्हते. त्यांनी वेळापत्रकात आठवीसमोर माझंच नाव ठेवलं.

वर्गात गेले. चौकट तशीच होती. त्या पोराला उभं केलं आणि विचारलं, जागा कोणाची होती, नाव घे. त्यानं हसून आजूबाजूला बघितलं. सरांच्या पुतण्याची, म्हणाला. त्याला ती कोणी दिली होती, मी विचारलं. त्याला सांगता येईना. या वेळी पुढचे बाक हसले नाहीत.

मग मी वर्गाला सांगितलं की मी गोंड आहे. शाळेत आल्यापासून हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. सांगितलं, ही जागा कायद्यानं आदिवासींची. ती अडवून तिथं दुसऱ्याला बसवलं होतं. मी परीक्षा देऊन माझ्या जागेवर आले. “हे वाक्य खोटं आहे. काल मी त्याला बरोबर म्हटलं, ते माझं चुकलं.” डस्टर घेतलं आणि चौकटीसकट पुसून टाकलं.

तो पोरगा माफी मागायला आला नाही. मी वाटही पाहिली नाही. मोठे सर आता माझ्याकडे बघत नाहीत. लाज म्हणाल तर आहेच. अख्ख्या वर्गानं ते वाक्य म्हटलं, तेव्हा मी खडू धरून नुसती उभी होते, हे कुठं जाणार?

पण गप्प बसणं संपलं. जागा रिकामी होती तेव्हापासून दहावीचं तेवढं मराठी मोठे सर स्वतः घेतात. मी आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही, मीही मागितलं नाही. आता मागितलंय. स्टाफरूममध्ये म्हणतात, मॅडमला आता सगळंच पाहिजे. हो, पाहिजे. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. बघा, म्हटलं. तेव्हापासून रोज प्रार्थना झाली की जाऊन विचारते. ते रोज ‘बघू’ म्हणतात. मी उद्याही विचारणार आहे, आणि दहावी हातात येईपर्यंत त्यांच्या टेबलासमोरून हलणार नाही.