कॅरमवर जिंकलेलं लुगडं

नातवंडांनी कॅरमवर बोरिक पावडर टाकली, की ती पाहताच मी सेलूच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलामागच्या खोलीत जाऊन पोचतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. तिथं पैज लावून कॅरम चालायचा. सुरुवातीचे डाव मी मुद्दाम हरायचो आणि समोरच्याला चेव चढला की जिंकायला लागायचो.

त्या दुपारी समोर एक नवखा तरुण होता, बायकोला माहेराहून आणायला निघालेला. खिसा रिकामा झाल्यावर त्यानं पिशवीतून कोरं हिरवं लुगडं काढून पैजेला लावलं. ‘राहू दे,’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी स्ट्रायकर उचलला.

हरल्यावर तो चिडला नाही. लुगड्याची घडी नीट करून त्यानं माझ्या हातात दिली.

“हात लय साफ हाये तुमचा, भाऊ. आता तिले काय सांगू मी?”

आणि तो सासुरवाडीला न जाता आल्या वाटेनं परत गेला.

माझ्या बायकोनं ते लुगडं संक्रांतीला नेसलं. म्हणाली, “पहिल्यांदाच काही आणलं तुम्ही माह्यासाठी.”

त्या तरुणाची बायको माहेरी दाराशी वाट पाहत बसली असेल, हे आज छातीत रुततं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, “शोभून राह्यलं तुले.”