मे महिन्यात भरलेली विहीर

कृष्णवेणीअक्कांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही, असं मी ऑफिसभर सांगत फिरले होते. ते खोटं होतं, हे आधीच कबूल करते. त्यांना सगळं कळत होतं. त्या फक्त सावकाश होत्या, आणि मला सावकाश माणसांचा राग येतो.

आमची कंपनी लहान, गिंडीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. ठरलेल्या विहिरींत दर महिन्याला जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि ज्याला हवे त्याला नकाशे, अहवाल करून द्यायचे, हा आमचा धंदा. अक्का तिथं एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होत्या. बाई असल्या तरी हुद्दा तोच. तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी एकदा फोनवर ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "या तर पोथी वाचल्यासारखं बोलतात गं." मी मिरजेची, नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आलेली. सगळ्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळं डबाही एकत्र आणि भांडणंही एकत्र.

पूर्वी प्रत्येक विहिरीचा आलेख अक्का हातानं काढत. शून्य सगळ्यात वर, कारण वर जमीन. पाणी जितकं खोल, तितकी रेघ खाली. विहीर आटली की पेन थेट तळापर्यंत न्यायचं आणि तिथं बारीक फुली मारायची. मान खाली घालून एकदा बसल्या की चहा निवून जायचा तरी वर बघायच्या नाहीत. एकतीस वर्षांत त्यांची एक फुली चुकलेली कुणी पाहिली नाही.

मग आमचे मालक वेंकट सर यांनी ठरवलं की यापुढं सगळे आलेख नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोड लिहून काढायचे. दोनशे चाळीस विहिरी, प्रत्येकीची दहा वर्षांची मोजमापं. कोड एकदा नीट लिहिला की तो एकेक विहीर उचलतो, तिची रेघ काढतो, पुढच्या विहिरीकडं जातो. अक्कांना आठवडाभर लागायचं ते काम तीन मिनिटांत. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यामुळं शिकवायचं माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर शून्य खाली धरतं आणि आकडा वाढला की रेघ वर नेतं, म्हणून सगळे आकडे उणे करून घ्यायचे, म्हणजे जमीन पुन्हा वर येते. ही युक्ती माझी होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

अक्का कोड आधी वहीत पेनानं लिहायच्या, सुवाच्य अक्षरात, आणि मग बघून बघून टाइप करायच्या. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. त्या म्हणायच्या, "हातातून गेल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही गे, काय करूं?" तरी सहा महिन्यांत त्या चालवायला लागल्या. अक्कांचा करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि कोड येत नसेल तर यंदा होणार नाही हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

जानेवारीत एक काम आलं. टँकरनं पाणी विकणाऱ्या एका कंपनीला तांबरमच्या पलीकडं, एका तळ्याकाठी, दोन खोल बोअर मारायच्या होत्या. परवानगीच्या सुनावणीसाठी आसपासच्या अठरा विहिरींचे नकाशे आणि आलेख आमच्याकडून मागवले होते. अठरातली एकशे सतरा नंबरची विहीर अक्कांच्याच वस्तीतली. नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही तासभर. बाकी सगळी वस्ती, दीडशे घरं, त्या विहिरीवर. गेली चार वर्षं ती एप्रिल-मेमध्ये आटत होती. मोजणाऱ्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी स्वतः रिकामी बादली वर आलेली पाहिली होती.

अक्का त्या दिवसांत खुशीत होत्या. डबा खाताना म्हणाल्या, "अम्ही ओरडलों तर कोण ऐकतो? ही रेघ दाखवली की ऐकावंच लागेल. बोअर पडली तर आमची विहीर संपली, प्रमोदिनी." मी म्हटलं, अक्का, तुम्ही चार्ट वेळेत द्या म्हणजे मिळवलं.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत अहवाल द्यायचा होता. सव्वाअकराला अक्का माझ्या टेबलाशी. कोड थांबला होता. मी बघितलं तर काही रकान्यांत आकड्याऐवजी 'ड्राय' असं लिहिलेलं. मोजणारे तसंच लिहितात, विहीर कोरडी असली की. माणसाला ते कळतं. कोडला आकडा हवा असतो, शब्द दिसला की तो अडून बसतो. अक्का त्या सकाळी पाचव्यांदा आल्या होत्या, आणि माझा स्वतःचा नकाशा अर्धा पडला होता.

"अक्का, विहिरीत पाणी नाही ना?"

"नाही."

"मग शून्य घाला आणि पुढं चला."

त्या घुटमळल्या. "शून्य? अगे, पण शून्य म्हणजे..."

"पाणी नाही म्हणजे शून्य! एवढं काय त्यात? बारा वाजायला आलेत."

त्या गेल्या. सगळ्या 'ड्राय'च्या जागी त्यांनी शून्य घातलं. कोड सुरळीत चालला, अठराच्या अठरा आलेख धडाधड तयार झाले. अक्कांनी पहिला उघडून बघितला. ती विहीर कधीच न आटणारी होती, त्यामुळं रेघ शहाण्यासारखी खालीवर जात होती. बाकीचे बघायला वेळ नव्हता. सरांनी सही केली, बाराला दहा कमी असताना अहवाल गेला.

सोमवारी सकाळी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, अक्का छापील प्रत हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पान एकशे सतरा नंबरच्या विहिरीचं होतं. जानेवारीपासून रेघ खाली खाली जात होती, मार्चमध्ये तळाशी पोचत होती आणि एप्रिलमध्ये ताडकन उडी मारून वर, अगदी जमिनीला. चारही वर्षं तसंच. आम्ही मोजतो ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, विहिरीत पाणी किती ते नाही. शून्य खोली म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं. ऐन मे महिन्यात विहीर काठोकाठ!

घुटमळताना अक्कांना हेच म्हणायचं होतं. मी वाक्य पुरं करू दिलं असतं तर?

"हातानं काढलं असतं तर पेन वर गेलंच नसतं," त्या म्हणाल्या. "माझा हातच गेला नसता, प्रमोदिनी." आणि त्या रडायला लागल्या. त्यांना ऑफिसात रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही कोड पुन्हा चालवला. 'ड्राय'च्या जागी विहिरीचा तळ घातला, अकरा पूर्णांक चार मीटर. रेघ खाली गेली आणि खालीच राहिली. ती प्रत घेऊन दोघी सरांकडं गेलो. सरांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. त्यांना कळलं नाही असं नाही. पण म्हणाले, सही केलेला अहवाल सुनावणीच्या आदल्या दिवशी मागं घेतला तर आपल्याला पुन्हा काम कोण देईल? सुनावणी होऊ द्या, मग दुरुस्तीचं पत्र पाठवू. अक्का उभ्याच होत्या. "सर, सुनावणी झाल्यावर दुरुस्त करून काय करायचं?" सरांनी दोन्ही पानं आमच्या हातात परत दिली. नव्या पानावर त्यांनी सही केली नाही.

मी अक्कांना म्हटलं, जाऊ द्या, आपण काय करणार? हे म्हणताना माझीच मला शरम वाटली. त्या म्हणाल्या, "मी उद्या जातें. वस्तीतली बाई म्हणून जातें."

मी रजा टाकून बरोबर गेले. सुनावणी तांबरमला एका कल्याणमंडपात होती, लग्नाच्या खुर्च्या मांडून. अक्कांच्या पिशवीत दोन कागद होते. एक बिनसहीचं नवं पान, आणि दुसरा त्यांनी घरी बसून हातानं काढलेला आलेख, चार फुल्यांसकट. वस्तीतली वीस-पंचवीस माणसं मागं बसली होती. त्यांत अक्कांच्या शेजारची श्रीदेवी होती. अक्कांचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांच्या दोन घागरी रोज तीच भरून द्यायची. सगळे देव पाण्यात घालून बसले होते.

टँकर कंपनीच्या वकिलानं फार काही केलंच नाही. त्यानं पडद्यावर आमचा आलेख लावला. "हा अहवाल आमचा नाही, स्वतंत्र कंपनीचा आहे," तो म्हणाला. "भर मे महिन्यात या विहिरीत पाणी जमिनीला लागतं." मागून आरडाओरडा झाला. मोठ्या आवाजात ओरडणारे खरे की पडद्यावरची रेघ खरी, हे तिथल्या कुणालाही विचारायची गरज नव्हती.

अक्का उठून पुढं गेल्या. अधिकारी बाई होत्या, शांत, वागायलाही वाईट नव्हत्या. अक्कांनी दोन्ही कागद ठेवले आणि तमिळमध्ये सगळं समजावलं. बाईंनी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? अक्कांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"म्हणजे पडद्यावरचा आलेख तुमच्याच कंपनीचा?"

"हो. मीच काढला. चूक माझी आहे."

"आणि हा नवाही तुम्हीच काढलात?"

"हो."

"राहता कुठं?"

"तिथंच. त्या विहिरीपासून चौथं घर."

बाईंनी कागद अलगद परत सरकवले. म्हणाल्या, माझ्यापुढं सही केलेला एकच अहवाल आहे. तुम्ही स्वतः तिथं राहता, तुम्हीच काढला, तुम्हीच बदलला, बिनसहीचा. मी काय धरू? लेखी हरकत द्या. अक्का उभ्याच राहिल्या. हातानं काढलेला आलेख त्यांनी पुन्हा पुढं केला, तळाच्या फुल्यांवर बोट ठेवलं, "एकदा नीट बघा, एकदाच," म्हणाल्या. शिपायानं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात सरांनी अक्कांचा करार संपवला. कंपनीची बेअब्रू केली म्हणून. लेखी हरकतीला महिन्यानं उत्तर आलं: दोन्ही आलेख एकाच व्यक्तीने तयार केलेले असल्याने दुसरा विश्वासार्ह धरता येत नाही. अक्कांनी मला फोनवर ते वाचून दाखवलं, दोनदा.

सरांचं दुरुस्तीचं पत्र गेलंच नाही. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही, कारण माझाही करार जूनमध्ये संपत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी अक्कांना भेटायला वस्तीत गेले. विहीर यंदा मार्चमध्येच आटली होती. तळ्याकाठी बोअरचा पंप चालू होता आणि टँकर भरून श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागत होते. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, निम्म्या झाल्या होत्या. मी आलेली बघून श्रीदेवी आणि आणखी सात-आठ बायका जमल्या. ऑफिसची बाई आली म्हणून.

श्रीदेवी मला म्हणाली, "तुमच्या मालकानं पैसे खाल्ले आणि खोटा कागद केला. आमच्या अक्कांनी आमच्यासाठी नोकरीवर लाथ मारली." बाकीच्यांनी माना हलवल्या. वस्तीत गेले दोन महिने हेच बोललं जात होतं. अक्कांना कुणी भाजी आणून देत होतं, कुणी दूध. सुनावणीत अक्का जे बोलल्या ते मागच्या आरडाओरड्यात कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

अक्का भिंत धरून उठल्या. "कुणी पैसे खाल्ले नाहीत," त्या म्हणाल्या. "खोटा कागद मी केला. कोरड्या विहिरीच्या जागी मी शून्य लिहिलं, त्यामुळं ती भरलेली दिसली. माझ्या हातानं झालं."

श्रीदेवीला आधी ते कळलंच नाही. अक्कांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, जसं त्या मला कोड समजावून सांगायला लावायच्या तसं. मग श्रीदेवीनं विचारलं, "एकतीस वर्षं हेच काम केलंत ना अक्का? मग असं कसं लिहिलंत? कुणी सांगितलं होतं का तसं लिहायला?"

मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही."

मी सांगायला हवं होतं. एरवी माझं तोंड कुठं बंद असतं? मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि जमिनीकडं बघत राहिले.

बायका एकेक करून गेल्या. श्रीदेवी सगळ्यात शेवटी निघाली. अक्कांच्या दोन रिकाम्या घागरी तिच्या दारात होत्या, त्या तिनं आणून ओट्यावर ठेवल्या आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. अक्का म्हणाल्या, "तूं नीघ आता, ऊन उतरलं." मी निघाले.