सोयऱ्यांकडचा आल्टरनेटर

उद्धवरावांच्या घरात त्या वर्षी दोन गोष्टी निवडायच्या निघाल्या. मुलीसाठी, कुमुदिनीसाठी, नवरा. आणि कॉन्टेसासाठी आल्टरनेटर. नवऱ्याचं काम एका दुपारी, बशीतले पोहे संपायच्या आत उरकलं. आल्टरनेटरला तीन महिने लागले.

कॉन्टेसा त्यांनी बेल्लमपल्लीच्या एका खाण-अधिकाऱ्याकडून घेतली होती. गाडी जुनी, पण इंजिन असं की पाय नुसता टेकवला तरी उसळी घ्यायची. अशा पळणाऱ्या गाडीचे मालक सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि ती चाळिसाच्या वर कधी नेत नसत. ताकद आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे, हे त्यांचं तत्त्व; कचेरीतही त्यांनी ते जन्मभर कसोशीनं पाळलं.

तर या गाडीचा आल्टरनेटर गेला. बॅटरी भरणारी ती वस्तू वर्षानुवर्षं राबून दमली होती, एवढंच. आदिलाबादचे मेकॅनिक तिला डायनामो म्हणत, आणि उद्धवराव त्या प्रत्येकाला थांबवून आधी त्याची भाषा दुरुस्त करत. गाडी मग राहूनच जायची.

एका दुकानदारानं जीपचा आल्टरनेटर दाखवला, चांगला दणकट. यांनी त्याची पुली मोजून पाहिली आणि पट्टा तिरका चालेल म्हणून परत केला. दुसऱ्यानं कोराकरकरीत काढला, पण त्यावर कंपनीचं नाव नव्हतं. मग हा माल आधी कुणाला दिला, त्या गिऱ्हाइकाचा पत्ता काय, अशी उलटतपासणी झाली. पत्ता निर्मलचा निघाला. उद्धवराव रजा टाकून लाल बसनं निर्मलला गेले आणि त्या अनोळखी माणसाला भरल्या ताटावरून उठवून विचारलं, "गाडी उभी असताना चार्ज करते का? गरम होते का? आवाज?" तिसरा आल्टरनेटर त्यांनी दुकानातच उघडायला लावला आणि आतली तांब्याची तार पुन्हा गुंडाळलेली तर नाही ना, हे भिंग लावून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहब, लडकी देनी है क्या इसको?"

उद्धवरावांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

अशात मुधोळचे पाहुणे कुमुदिनीला बघायला आले. मुलाचं नाव व्यंकटेश. तो काय करतो, कसा आहे, हे विचारण्याआधीच त्याचे काका यशवंतराव बोलून गेले की नांदेडला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि कॉन्टेसाचा अस्सल कंपनीचा आल्टरनेटर तिथं खोक्यात पडून आहे. उद्धवरावांना मुलगा तिथंच पसंत पडला.

कुमुदिनी तलमडुगूच्या शाळेत शिकवायची. मुधोळकडच्या एका बाईंकडून तिच्या कानावर काही आलं होतं. मुलीनं स्वतःच्या होणाऱ्या नवऱ्याची चौकशी करायला जाणं म्हणजे गावभर बोभाटा, म्हणून ती वडिलांकडे आली.

"बाबा, त्यायची पहिली सोयरीक मोडली म्हणतात. काऊन मोडली, कोणाले तरी इचारा ना."

"सोयऱ्यायवर संशय घेत नसतात पोरी. घर चांगलं हाय."

काही दिवसांनी ती पुन्हा आली, डोळे पुसत. "मले तिथं जन्म काढायचा हाय बाबा. एक डाव जाऊन तर या."

उद्धवराव बॅटरीची टोकं पॉलिश पेपरनं घासत होते. तोंडानं ते "हो, हो" म्हणाले, आणि घासत राहिले.

पुढे आल्टरनेटर आला, पेढ्यांच्या पुड्यासोबत, वर कुंकवाचं बोट लावून. आणि दुकानादुकानांतून भिंग घेऊन फिरलेल्या या गृहस्थानं तो उघडला नाही. सोयऱ्यानं दिलेली वस्तू खोलून बघायची, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं! आहे तसाच गाडीला बसवला.

लग्नाची तारीख काढायला उद्धवराव आणि त्यांची बायको रेणुकाबाई कॉन्टेसातून मुधोळला निघाले. नेरडीगोंड्याच्या पुढे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला, मग हॉर्नचा आवाज बसला, मग गाडीच बसली. उद्धवरावांनी भर उन्हात आल्टरनेटर काढला आणि पान्यानं खरवडला. वरच्या काळ्या रंगाखाली ट्रॅक्टरचा निळा रंग निघाला. आत तार पुन्हा गुंडाळलेली, तीही घाईघाईनं.

"फसवलं! मले फसवलं!"

"अवो, लोखंड हाय ते," रेणुकाबाई म्हणाल्या. "बदलून मागा."

"लोखंड? जो माणूस असा माल देते, त्याच्या घरात म्या पोरगी देऊ?"

गाडी ट्रॅक्टरला बांधून उलटी फिरली. घरी जायच्या आधी उद्धवरावांनी एसटीडी बूथवरून मुधोळला फोन लावला आणि सोयरीक मोडली. बूथबाहेर उभ्या असलेल्या चार लोकांनाही कारण समजावं इतक्या मोठ्यानं बोलले. व्यंकटेशची पहिली सोयरीक का मोडली होती, हे तेव्हाही त्यांनी विचारलं नाही. दुसरी का मोडली, ते मात्र साऱ्या आदिलाबादला कळलं.

घरी आले ते छाती काढूनच. कुमुदिनी शाळेतून नुकती आली होती. सगळं ऐकून ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. ज्याची धास्ती होती ते लग्न टळलं होतं, तरी तिला रडू आवरेना. उद्धवराव कळवळले. पोरीचा जीव मुलात गुंतला होता की काय, असं त्यांना वाटलं.

"रडू नको माय. दुसरा पाहू. या खेपेले सगळं खोलून पाहू."

कुमुदिनीनं पदरानं तोंड पुसलं. "मी दोनदा सांगतलं बाबा, रडून सांगतलं. तुमी ऐकलं नाई. त्या लोखंडानं एकदा सांगतलं, अन् तुमी रस्त्यातूनच वापस आले."