बीमवरची समई

जमुनाबाई बार्शीटाकळीच्या एका शाळेत शिपाई आहे, हे कागदावर. मुख्याध्यापक तिला विचारल्याशिवाय घंटासुद्धा देत नाहीत, असं गावात हसून बोललं जातं. तोंड फटकळ, आणि कोणाच्या घरी काय शिजलं हे वासावरून सांगायची विद्या. पंधरा वर्षांपूर्वी शाळेत जिम्नॅस्टिकचे एक सर आले, दोन वर्षांत बदलून गेले आणि मागे सागाचा एक लांब वासा ठेवून गेले. जमुनाबाईनं तो विटांवर मांडला, वरून जुनी सतरंजी घट्ट शिवली आणि पोरींना म्हणाली, चढा. तेव्हापासून पोरी पडतात आणि ती झेलते. स्वतः कधी चढली नाही. वजन कोणी विचारू नये.

दसऱ्याला ती त्या वाशाची पूजा करते. फूल, हळद-कुंकू, सगळं खाली जमिनीवर. वाशावर अक्षतेचा दाणासुद्धा नाही, पोरींचे पाय तिथं पडतात म्हणून. एकदा नव्या बाईंनी वर तेलाचा दिवा ठेवला, तर त्यांना आठवडाभर शाळेत चहा मिळाला नाही.

यंदा आठवीतली आकांक्षा अमरावतीच्या विभागीय क्रीडा महोत्सवासाठी निवडली गेली. मुलीसोबत बाईमाणूस लागतं आणि शाळेतल्या दोन्ही शिक्षिकांना नेमकं त्याच वेळी पडसं झालं. म्हणून ‘संघ व्यवस्थापक’ हा बिल्ला जमुनाबाईच्या पदरावर लागला. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. पहिल्या दिवशी तीन प्रकार झाले आणि आकांक्षा दुसरी राहिली. उरला होता बीम, तोल सांभाळत कसरती करायची लांब तुळई. छातीइतका उंच, जेमतेम पाच बोटं रुंद.

स्पर्धा सुरू होऊन एक दिवस झाला होता, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. प्रमुख पाहुण्यांना पहिला दिवस सोयीचा नव्हता. पोरींनी नऊला अंग गरम केलं, पाहुणे साडेबाराला आले. तोवर डिसेंबरच्या गारठ्यात, तेवढ्याशा कपड्यांत, त्या लेकरांनी नुसतं दाराकडे बघत बसायचं. पाहुणे बूट घालूनच गाद्यांवरून चालत आले. आयोजक किशोरराव म्हणजे फोटोसाठी जन्मलेला माणूस. त्यांना वाटलं, समई टेबलावर ठेवली तर फोटोत जिम्नॅस्टिक कुठं दिसणार? त्यांनी ती थेट बीमवर ठेवली. ज्योत लावताना पाहुण्यांची बाही लागली, समई कलंडली आणि तेल बीमवर सांडलं. किशोररावांनी खिशातल्या रुमालानं पुसलं, म्हणजे होतं एका जागी ते दोन हात पसरवलं.

जमुनाबाई लगेच उठून सांगायला गेली. शुभकार्यात खोडा घालू नका मावशी, म्हणून किशोररावांनी तिला खुर्चीत बसवलं.

चिठ्ठीत पहिला नंबर आकांक्षाचा निघाला. चढली छान. पण हात टेकून उलटी फिरायला गेली आणि तळवा सरकला. पोरगी खांद्यावर आपटली. उठली, पुन्हा चढली, पाय सरकला, पुन्हा खाली. गुण लागले तेव्हा दिसलं, एवढ्यावर ती दुसऱ्यावरून सातवीपर्यंत घसरणार.

जमुनाबाई पंचांच्या टेबलाशी गेली. किशोरराव आधीच तिथं पोचले होते.

“पोरगी भेली असंन,” ते पंचांना म्हणाले. “खरा बीम पहिल्यांदाच पाहिला ना तिनं. शाळेत वाशावर खेळते.”

हे शब्द मात्र जमुनाबाईला लागले. ती भांडेल म्हणून सगळे वळून बघत होते, ती भांडली नाही. तिनं टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, बीमवर दाबून धरला आणि खिडकीच्या उजेडासमोर उंच केला. कागदावर तळहाताएवढा तेलकट डाग पडला होता आणि त्यातून पलीकडचं झाड दिसत होतं.

“साहेब, भीतीचा डाग असा पडते का?” तिनं विचारलं.

किशोरराव नियमावर आले. हरकत संघाच्या माणसानं घ्यायची असते, शिपायानं नाही. तिनं बिल्ला पुढे केला. “हा तुमीच लावला मले. आता मी कोन आहो, ते सांगा.”

मुख्य पंच नीलमताई उठल्या. त्यांनी बीमवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि सांगितलं की उपकरणात दोष होता, मुलगी पुन्हा करेल. किशोरराव कुजबुजले, पाहुण्यांचं जेवण थांबलंय.

“त्यांना जेवू द्या,” नीलमताई म्हणाल्या. “तोवर बीम पुसून होईल.”

पुसला जमुनाबाईनंच. औषधपेटीतलं स्पिरिट, मग कोरडा कपडा, मग पोरी हाताला लावतात ती पांढरी भुकटी. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं गाल टेकवून पाहिला. आकांक्षा दुखऱ्या खांद्यानिशी चढली आणि या वेळी उतरली ती दोन्ही पायांवर. सगळ्यांचं खेळून झालं तेव्हा ती दुसरी आली.

बक्षिसांच्या वेळी टेबल कमी पडलं. किशोरराव ढालींचा खोका उचलून बीमकडे निघाले. शेजारी खुर्ची टाकून जमुनाबाई बसली होती. तिनं नुसतं पाहिलं. खोका परत गेला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात समईचा फोटो आला, पाहुणे हसताहेत, किशोरराव अर्धे दिसताहेत. आकांक्षाचं नाव खाली एका ओळीत, तेही चुकलेलं. जमुनाबाईनं तो फोटो कापून शाळेत वाशाच्या वर भिंतीला चिकटवला आणि खाली खडूनं लिहिलं: असं करू नये.