साहेबाचं ‘होय’

थोरली मुलगी अंगावर पीत होती तेव्हा मी सोलापूरच्या एका गिरणीत सुताच्या लडी करायला जात होते. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे. तान्ही पोरं आम्ही यंत्रांच्या मधल्या बोळात, फडक्यावर निजवायचो. रडू नयेत म्हणून सगळ्याच जणी त्यांना अफू चाटवायच्या. मीही चाटवायची.

एकदा एक पोर संध्याकाळपर्यंत उठलंच नाही. त्याला दवाखान्यात नेलं, ते वाचलं; पण आम्ही हादरलो. दुसऱ्या दिवशी गोऱ्या साहेबाच्या खोलीपुढे जाऊन उभ्या राहिलो. आमच्यात वळसंगची एक वयस्क बाई होती, ती बोलली, “सायेब, पोरं ठेवाया एक खोली द्या. दुसरं काय मागत न्हाय आमी.”

साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाला. हेडक्लार्कनं ते शब्दाला शब्द लावून मराठीत सांगितलं, “साहेब म्हणतात, मी या बायकांशी डोळ्याला डोळा लावून बघतो.”

वळसंगच्या बाईनं पदर ओढून घेतला. “आमच्या डोळ्याला डोळा लावतोय व्हय? चला गं!”

आम्ही सगळ्या बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कुणीच कामावर गेलं नाही.

त्या पोराला बघायला दवाखान्यात गेलो, तिथं मिशनच्या नर्सबाईंना हे सांगितलं. त्या आधी हसल्या, मग पोराच्या उशाशी बसून समजावू लागल्या. त्यांच्या धर्मग्रंथात म्हणे, ओसाड पडलेल्या नगराचे पहारेकरी आहेत. देव परत येताना ते सगळे आपापल्या डोळ्यांनी समोरासमोर बघतात आणि एका सुरात ओरडतात. त्यावरून इंग्रजीत डोळ्याला डोळा म्हणजे एकमत. “साहेब तुम्हाला होय म्हणालाय, बायांनो.”

“मग व्हय म्हणायचं की सरळ!” वळसंगची बाई म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. भांडायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

आम्ही कामावर परतलो. महिन्याभरात खोली मिळाली, बॉयलरच्या पाठीमागची, तापलेली. चार पाळणे टांगले. अफू सुटल्यावर माझी मुलगी फार रडायची. सुट्टीच्या भोंग्याला मी धावत जाऊन तिला पाजायला घ्यायची, आणि ती पीत असतानाच बसल्या जागी मला झोप लागायची.