कापसाच्या खोलीतला ढोलक

वर्ध्याच्या एका स्टुडिओवाल्यानं माझ्यासमोर पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, यात सगळं आहे, लाखांचा माल आहे, घेऊन जा. म्हणजे संगीत जुळवायचं चोरीचं सॉफ्टवेअर आणि वाद्यांच्या आवाजांच्या चोरलेल्या लायब्ऱ्या. तो बिचारा मदतच करत होता, हे मलाही कळत होतं, पण माझं डोकं फिरलं. माझ्या आजोबांची पिशवी मालक रोज संध्याकाळी उघडून बघायचा, शेतातून काही नेत तर नाही ना म्हणून. आजोबांनी आयुष्यात दुसऱ्याचं एक बोंड उचललं नाही. त्या घरातली मी जयंतीचं गाणं करायला निघाले होते, आणि ते चोरीच्या मालावर करू? मी पेन ड्राइव्ह त्याच्याकडे परत सरकवला आणि आर्वीची बस पकडली. बसमध्ये बसल्यावर मात्र लक्षात आलं, की माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

गाणं माझ्या मावशीचं होतं. तिची गायन पार्टी होती: पेटी, ढोलक आणि टाळ्या धरणाऱ्या चार बाया. आष्टीपासून केळझरपर्यंत कितीतरी गावांतल्या जयंत्या तिनं गाजवल्या. ढोलकवर आमच्या वस्तीतले काका असायचे, एसटी डेपोतले मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी, त्यांना लकवा मारला. उजवा हात परत आला, डावा अर्धामुर्धाच. एक कडवं वाजवलं की डावा हात गळून जायचा. पार्टी तिथेच थांबली. दुसरे ढोलकवाले येऊन गेले, मावशीनं एकालाही उभं केलं नाही. यंदा विहार समितीनं जयंतीचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. मावशी गात नसेल तर नागपूरहून तयार गाणं आणू, असं अध्यक्ष म्हणाले. मी सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरते आणि उरल्या वेळात जुन्या लॅपटॉपवर संगीत जुळवते. मी तिथल्या तिथे बोलून बसले, की मावशीच गाईल आणि ढोलकचं मी बघते.

सॉफ्टवेअरचं लवकर जमलं. महागड्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत एक माणूस समुद्राकडे तोंड करून बसलेला असतो आणि त्याच्या टेबलावर धुळीचा कण नसतो. ते माझ्यासाठी नाही, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं. मला मिळालं ते करड्या रंगाचं होतं, दिसायला आमच्या केंद्रातल्या फॉर्मइतकंच रूक्ष. पण आधी पूर्ण वापरून बघा आणि पटलं तर थोडक्या पैशांत लायसन्स घ्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता. माझ्या लॅपटॉपवर ते कुरकुर न करता चाललं. मी लायसन्स घेतलं, आणि सांगायला लाज कशाला, त्या दिवशी मला फार ऐट वाटली.

घोळ झाला तो लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे वाद्याचे सुटे सुटे आवाज आणि तयार ठेके. कळ दाबली की वाजतात. भारतातली सगळी तालवाद्यं आमच्याकडे आहेत, असं एका कंपनीनं छातीठोकपणे लिहिलं होतं आणि सवलत दोनच दिवस होती. मी उरलेले पैसे तिथे घातले. ढोलक ऐकला आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. इतका स्वच्छ, इतका भरदार. मावशीला बोलावून हेडफोन दिला.

आता मावशीची रीत सांगायला हवी. ठेक्यावर जाण्याआधी ती शेर म्हणते, तालाशिवाय. शेराचा शेवटचा शब्द ती मनाला येईल तितका लांबवते, आणि तोवर ढोलक गप्प बसतो. ती धृपदावर उतरली की त्याच क्षणी थाप पडते. लायब्ररीतला ढोलक तिला ठरावीक मात्रा द्यायचा आणि सुरू व्हायचा. ती अजून वरच्या सुरात असायची आणि खाली हा वाजून राहिलेला. तीनदा झालं. चौथ्यांदा तिनं हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"हा कोणासाठीच थांबत नाई वं बाई," ती म्हणाली. "काका थांबे."

पैसे परत मिळत नव्हते. मी दोन दिवस कंपनीला, स्वतःला आणि समितीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग सुचलं. काकांना अख्खं गाणं वाजवता येत नाही, पण एक थाप येते ना? एक थाप मारायची, हात मांडीवर ठेवायचा, मग दुसरी. लायब्ररी करणारे दुसरं काय करतात? त्या थापा मी कळांवर बसवीन आणि मावशी गाताना माझ्या हातानं वाजवीन. मग थांबायचं की नाही, ते मशीन ठरवणार नव्हतं.

जागा हवी होती. रेकॉर्डिंगच्या खोलीला भिंतीवर फोम लावतात, त्याची किंमत बघून मी पान बंद केलं. आमच्या शेजारच्या शेतकरी भाऊंनी भाव यायची वाट बघत एक अख्खी खोली आढ्यापर्यंत कापसानं भरून ठेवली होती. दाराजवळ दोन माणसं बसतील इतकी जागा. मी आत जाऊन टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विरली. भाऊ म्हणाले, गुरुवारी गाडी येणार, तोवर काय वाजवायचं ते वाजव. अंगाला खाज सुटेल, एवढंच.

काका ढोलक घेऊन कापसाला टेकून बसले, दोन शिंका दिल्या आणि मी सांगितलं, फक्त एक थाप मारा. त्यांना जमेना. पन्नास वर्षांत या माणसानं गाण्याशिवाय एकही थाप वाजवली नव्हती. नुसती थाप कशासाठी, हेच त्यांच्या हाताला कळत नव्हतं. मग मावशी शेजारी बसून हलकेच गुणगुणायला लागली आणि लगेच हात मोकळा झाला. दुपारभर आम्ही हलकी थाप, मधली, जोराची, डाव्याची घुमक, सगळं भरून घेतलं. घरी येऊन ऐकते तर प्रत्येक थापेच्या तळाशी मावशीचा हुंकार. मी डोक्याला हात लावला. शहाणपणाच्या गोष्टी मी करायच्या आणि एवढं साधं माझ्या लक्षात येऊ नये?

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मावशीला अंगणात लिंबाखाली बसवलं, तिच्या हातात माझा फोन काकांना लावून दिला, काकांच्या कानात त्यांच्या फोनचा इअरफोन घातला. ती अंगणात गात होती, काका आत ऐकून एकेक थाप देत होते आणि माइकमध्ये फक्त ढोलक येत होता. डावा हात मधूनमधून गळून जायचा. मी म्हणाले, राहू द्या काका, आता बास. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटची घुमक त्यांनी उजव्या हातानं डावा मनगटाशी धरून वाजवली. गुरुवारी कापूस गेला.

रविवारी दुपारी विहारात समिती बसली. अध्यक्षांनी नागपूरचं गाणंही मोबाइलवर आणून ठेवलं होतं, ऐनवेळी अडायला नको म्हणून. मी लॅपटॉप आणि काकांच्या थापा बसवलेला छोटा कीबोर्ड सतरंजीवर मांडला. काका भिंतीला टेकून बसले. मावशीनं शेर सुरू केला आणि शेवटच्या शब्दावर ती थांबेचना. इतका लांबवलेला सूर मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांचं साचलेलं सगळं ती त्यात घालत होती. माझं बोट कळेच्या वर आणि स्पीकर गप्प.

अध्यक्ष पुढे वाकून म्हणाले, "बंद पडलं काय?"

"बंद नाई पडलं," काका भिंतीजवळून म्हणाले. "मी थांबून राह्यलो."

माझे डोळे भरले आणि कीबोर्ड दिसेनासा झाला, तरी बोट हललं नाही. मावशीनं अध्यक्षांकडे एकदा बघितलं, श्वास घेतला, आणि उतरायच्या ऐवजी तोच शब्द पुन्हा वर नेला.