बिननावाचा घास

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी लोकांचं रक्त काढायचं, ते मशीनला लावायचं आणि जो आकडा येईल तो छापायचा... असा माझा व्यवसाय. आमच्या पर्वत पाटियाच्या लॅबमध्ये एक बाई रिपोर्टच्या पाकिटाला अंगारा लावून घेऊन जायच्या, तेव्हा मागे वळून सगळ्यात जास्त हसणारी मीच. या सदरात लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. आज स्वतःच लिहायला बसले आहे, तर मनसोक्त हसा, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सुरतला बमरोलीत सासूबाई — त्यांना आम्ही माय म्हणतो — मी, माझे मिस्टर संजय, आमची मुलगी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई उषाताई असे एका घरात राहतो. आजूबाजूला लूम्सची खडखड इतकी, की वीज गेली की शांततेनं झोपमोड होते. उषाताईंचे मिस्टर, म्हणजे माझे जेठ, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. इच्छापोरला एका कारखान्यात ठेक्यावर फिटर होते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डबा घेऊन ड्युटीला निघाले ते कारखान्यात पोहोचलेच नाहीत. दोन दिवसांनी हजिरा रोडच्या बाजूला तापीच्या काठावर त्यांची मोटरसायकल सापडली. स्टँडवर नीट उभी, हँडलला डब्याची पिशवी. खाडीपर्यंत शोधाशोध झाली, हाती काहीच लागलं नाही. मग कोणी म्हणालं सुरत स्टेशनवर दिसले, कोणी म्हणालं शिर्डीत दिसले. माय त्या सगळ्यांना चहा पाजायची.

उषाताईंची अवस्था सांगते. कपाळावर कुंकू लावायचं की नाही हे ठरवणारं कोणी नाही. हळदीकुंकवाला गेल्या तर बायका करंडा हातात धरून एकमेकींकडे बघायच्या. मूलबाळ नाही. त्यांच्या भावानं एक स्थळ आणलं होतं — उधन्याचे रवींद्रभाऊ, बायको वारलेली, लूमखात्यात मास्टर, शांत माणूस. वकीलही म्हणाले, एवढी वर्षं माणूस बेपत्ता आहे, कोर्टात अर्ज करता येईल. पण अडचण कोर्टाची नव्हतीच. उषाताई मला म्हणाल्या होत्या, "वैशू, मी सवाष्ण आहे की विधवा, एवढं मला कोणीतरी सांगा. मग मी काय ते ठरवीन." रवींद्रभाऊ थांबले होते, पण जन्मभर थोडेच थांबणार?

अशात संजयच्या लेसच्या धंद्यात एका कंपनीची स्कीम लागली. माल उचलला की व्हिएतनामची टूर, दोन माणसांची. संजय म्हणाला, "मला पाण्यावर जायचं नाही." आण्णांनंतर तो डुमसच्या किनाऱ्यावरही गेलेला नाही, त्यामुळे मी आग्रह केला नाही. मुलीची परीक्षा होती. शेवटी ठरलं, मी उषाताईंना घेऊन जायचं. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. मायनंच त्यांना पासपोर्ट काढायला पिटाळलं.

सुरतचा ग्रुप म्हणजे काय, हे सुरतेत राहिलेल्यालाच कळेल. अहमदाबादहून हनोईच्या विमानात बसलो तेव्हा आमच्याबरोबर स्वयंपाकी महाराज, त्याचा मसाल्याचा डबा आणि आठवडाभर पुरतील इतके खाखरे होते. हनोईहून बसनं हालाँग बेला गेलो. तिथं एक रात्र क्रूझवर राहायचं. फोटोत बघितलं असेल तुम्ही... हिरव्या पाण्यात उभे सुळके, त्यांच्यावर झाडं, आणि मधून पांढऱ्या बोटी हळूहळू चाललेल्या. खरंच सुंदर आहे, उगाच नावं ठेवणार नाही. बोटीत पाऊल ठेवलं तर वेटर कोळंबी घेऊन हजर. आमचे ग्रुप लीडर जिग्नेशभाई दोन्ही हात आडवे करून ओरडले, "भाई, आ बधु दूर राखो! अमारा महाराज खिचडी बनावे छे!"

त्याच दिवशी आखाजी होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात, आणि जेवायच्या आधी एकेकाचं नाव घेऊन विस्तवावर घास टाकतात. नाव घेतल्याशिवाय घास टाकायचा नाही, हा मायचा नियम. बिननावाचा घास कुणीही उचलतो म्हणे. आम्ही बोटीत चढतोय तोच तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आखाजी शे आज. तठे बी पितरस्ले घास टाकज्यात. अन् मना पोऱ्यानं नाव लेवानं नही. तो जित्ता शे."

आण्णा जिवंत आहेत, त्यांचं नाव घ्यायचं नाही, हे ती दरवर्षी म्हणते. मी मान डोलावली. घरून सांजोऱ्यांचा डबा आणला होताच. बोटीवर विस्तव पेटवू देत नाहीत, म्हणून जेवणाआधी आम्ही दोघी मागच्या बाजूला कठड्याशी गेलो आणि घास पाण्यातच सोडायचं ठरवलं. उषाताई सासरच्या मोठ्यांची नावं तोंडातून काढत नाहीत, म्हणून नावं मी घेत होते आणि त्या सांजोरीचे तुकडे सोडत होत्या. सासरे, आजेसासरे, आजेसासूबाई. तुकडे बोटीमागच्या फेसात तरंगत लांब गेले. मी डबा बंद करायला घेतला तर ताईंच्या हातात अजून एक तुकडा होता.

"ताई, झाली सगळी नावं."

"एक राहिलं ना," त्या म्हणाल्या. "ते तू घेणार नाहीस, मायनं सांगितलंय. मी घेऊ शकत नाही, नवऱ्याचं आहे. मग बिननावाचाच टाकते. असतील तर घेतील... नसतील तर माशाला जाईल."

मी अडवायला हवं होतं का? मला तेव्हा त्यात अडवण्यासारखं काही वाटलं नाही. वाटलं, बिचारीचं मन मोकळं होतंय तर होऊ दे. त्यांनी तुकडा सोडला. बाकीचे तुकडे तरंगले होते, हा पाण्याला लागला आणि दिसेनासाच झाला. तेव्हा मी याकडे लक्षही दिलं नाही. आम्ही खिचडी-कढी जेवलो, एका गुहेत जाऊन पायऱ्या चढून दमलो, आणि ऊन उतरताना केबिनमध्ये परत आलो.

आता केबिन नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक दार, ते बोटीच्या आतल्या पॅसेजमध्ये उघडणारं. त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीत मोठी काचेची सरकती खिडकी. खिडकीला बाहेर गॅलरी नाही, उभं राहायला बोटभर जागा नाही, खाली थेट पाणी. मध्ये दोन पलंग. बोट तेव्हा सुळक्यांच्या मधोमध नांगर टाकून उभी होती. आमचा सगळा ग्रुप वरच्या डेकवर होता — तिथं बोटीवाले गळ टाकून माकूळ कसे पकडतात ते दाखवत होते आणि आमची शाकाहारी मंडळी ते नाक दाबून बघत होती. खाली आम्ही दोघीच. उषाताई दाराकडे तोंड करून वेणी घालत होत्या. मी माझ्या पलंगावर बसून चपलेचा तुटलेला पट्टा सेफ्टीपिननं जोडत होते. मनात काय होतं म्हणाल तर तो पट्टा आणि जिग्नेशभाईंना मनातल्या मनात शिव्या, की एवढ्या पायऱ्या आहेत हे आधी सांगायला काय झालं होतं. आण्णा मनात नव्हते. हे मी शपथेवर सांगते.

आणि आण्णा खाकरले.

ज्यांच्या घरात ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जेठ धाकट्या भावाच्या बायकोसमोर एकदम येत नाही. आधी दाराबाहेर खाकरतो. आत धाकटी सून असेल तर ती उठते, डोक्यावर पदर घेते, तोंड जरा वळवते आणि बाजूला होते, मग तो आत येतो. मी शिकलेली, नोकरी करणारी. लग्न झाल्यावर या प्रकाराचा मला भयंकर राग यायचा, संजयशी भांडलेही आहे. पण आण्णांनी एकदाही चूक केली नाही. स्वतःच्या घरातही ते उंबऱ्याशी थांबायचे, दोनदा आखूड खाकरायचे आणि मग घसा साफ केल्यासारखं एक लांब "हं..." करायचे. रोज. इतकी वर्षं. माझा हात आपोआप डोक्याकडे जायला लागला होता, भाजी परतत असले तरी.

तेच. दोन आखूड आणि एक लांब हं. कानाशी नाही, डोक्यात नाही... खोलीच्या बाहेरून, जसं यायला हवं तसंच.

चप्पल खाली पडली. मी उभी राहिले, ओढणी डोक्यावर घेतली आणि भिंतीला लागून बाजूला झाले. हे सगळं विचार न करता झालं. मग माझं मला कळलं की मी कुठं आहे.

उषाताईंची बोटं वेणीत तशीच अडकली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कोण आलं?"

"कोणी नाही, ताई."

"मग उठलीस कशाला?"

 "तुम्हाला ऐकू नाही आलं काही?" एवढंच मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मला कुठून येणार? माझ्यासाठी ते कधी खाकरायचे? तुझ्यासाठीच खाकरायचे." मग म्हणाल्या, "वैशू... तू ओढणी कुठल्या बाजूनं ओढलीस बघ."

माझी ओढणी डाव्या गालावरून ओढलेली होती. उजवा गाल मोकळा होता. जेठ ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं पदर घेतात. माझ्या उजवीकडे पॅसेजचं दार होतं. डावीकडे खिडकी. आणि खिडकीबाहेर पाणी.

 मला रडू आलं, भीतीचं. उषाताई मात्र उठल्या, माझ्या समोरून गेल्या आणि त्यांनी खिडकीची काच सरकवली. बाहेर सुळके काळे पडत चालले होते, पाणी एकदम स्तब्ध, वरून माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या खाली पाण्याकडे वाकल्या. मग घरात बोलतात तशा अहिराणीत, जेवून उठलेल्या माणसाला निरोप द्यावा तसं, हळूच म्हणाल्या, "जेवनात ना तुम्ही? मंग जा आते."

काच लावून घेतली. तोंड धुतलं. आणि मला म्हणाल्या, "चल, खाऊन घेऊ, भूक लागली."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. मी दिवा चालू ठेवून पडून राहिले. सकाळी वर गेले तर डेकवर कोवळ्या उन्हात बोटीवाला सगळ्यांना हळूहळू हात फिरवायचा चिनी व्यायाम शिकवत होता आणि उषाताई जिग्नेशभाईंच्या बायकोशेजारी उभ्या राहून तो करत होत्या. कपाळ मोकळं होतं, कालचं कुंकू नव्हतं. जिग्नेशभाईंच्या बायकोनं मला विचारलं, "बेन, तमारी तबियत तो सारी छे ने? मोढुं केम उतरी गयुं?" मी म्हटलं, बोट लागली.

घरी आल्यावर मायला काहीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. उषाताईंनी पहिल्या संध्याकाळीच सगळं सांगून टाकलं. माय माझ्यासमोर येऊन बसली. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "खरं सांग पोरी. तोच खाकरना का?"

मी काय सांगणार होते? मी ऐकलं ते ऐकलं होतं. मी हो म्हणाले. माय उठली, मोरीत गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मग ती रडली. मी तिला तशी रडताना याआधी कधी पाहिलं नव्हतं.

यानंतर मी माझ्या परीनं उत्तर शोधलं. कान तपासले, कान ठणठणीत आहेत. आमच्या लॅबमधले डॉक्टर म्हणाले, दुपारचा प्रसंग मनात राहिला असणार, सवयीचा आवाज मेंदू स्वतः तयार करतो. असू शकेल. हे मला पटतंही. पण मग तो आवाज मला दाराकडून यायला हवा होता ना? आयुष्यात कधी कुणी खिडकीतून खाकरून घरात आलंय? मेंदूनं चूक करायची तर ओळखीची चूक करेल. 

उषाताई स्वतः वकिलांकडे गेल्या. कोर्टाचं झालं. येत्या मार्गशीर्षात रवींद्रभाऊंशी त्यांचं लग्न आहे, अगदी घरच्या घरी. माय स्वतः त्यांच्यासाठी साडी निवडायला रिंग रोडला गेली होती. उषाताई आता गुणगुणत भाकरी थापतात. त्यांच्याकडे बघून मला इतकं बरं वाटतं, की सांगता येत नाही.

आणि तरी मला झोप लागत नाही. पोलिसांनी जे सांगितलं नाही, नदीनं जे सांगितलं नाही, ते त्या बाईनं आणि त्या म्हातारीनं माझ्या एका कानावर विश्वास ठेवून मान्य केलं. दुसरा साक्षीदार नाही. उद्या तो भास निघाला तर?

वाचणारे विचारतील, आता अंधाराची, पाण्याची भीती वाटते का. नाही वाटत. आण्णांच्या भुताची तर मुळीच नाही, ते होते तेव्हाही कुणाला त्रास देणारे नव्हते. हल्ली संध्याकाळी दाराची बेल वाजली की माझ्या छातीत धस्स होतं ते एवढ्याचसाठी, की दार उघडावं आणि समोर आण्णा उभे असावेत... जिवंत.